दोन माजी गव्हर्नर आणि एक विद्यालय

मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोड नावाचे एक जुने स्थानक आहे. तेथून नित्य ये-जा करणाऱ्या असंख्य उतारूंपैकी ज्या कोणाच्या मनात हे 'रे' कोण असा प्रश्न कधी काळी उद्भवला असेल, त्यानेही तो प्रश्न फलाटावरच सोडून गाडी पकडली असावी; आणि पुण्यात त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औद्योगिक संग्रहालयास पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळाल्यामुळे तिकडील आठवणही पुसली गेली. यात हळहळण्याजोगे काही नाही. राज्यकर्त्यांची नावे पाट्यांवर चढतात तशीच उतरतात. परंतु लंडन विद्यापीठाच्या ज्या विद्यालयाचा वृत्तांत या स्मरणिकेसाठी लिहिण्याचे काम आमच्याकडे आले आहे, त्याच्या पायाशी खणू लागले म्हणजे कुदळ पहिल्या प्रथम ज्या दगडावर आपटते, त्यावर नाव आढळते ते याच लॉर्ड रे यांचे.

आशिया आणि आफ्रिका या दोन खंडांतील भाषा, वाङ्मय, धर्म, इतिहास आणि समाज यांच्या अभ्यासाला वाहिलेले हे विद्यालय आज 'सोआस' या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. स्थापनेच्या वेळी त्याचे नाव 'स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज' एवढेच होते. आफ्रिकेचा नामोल्लेख १९३८ साली जोडला गेला.

लॉर्ड रे, म्हणजे डोनल्ड मॅके, हे १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांची कारकीर्द ध्यानात राहिली ती प्रामुख्याने क्रॉफर्ड प्रकरणामुळे. ज्या साहेबाच्या नावाचा बाजार मुंबईत उभा होता, त्याच साहेबावर मध्यभागाचा कमिशनर या नात्याने लाच घेतल्याचे आरोप आले, आणि रे यांनी ते दडपून न टाकता चौकशी आरंभिली. लाच दिल्याचे कबूल करणाऱ्या मामलेदारांना अभयवचन देऊन त्यांच्या जबान्या घेण्यात आल्या, आणि त्या अभयवचनाचे पुढे जे धिंडवडे निघाले त्यावरून पुण्यात टिळकादी पुढाऱ्यांनी रान उठविले. तथापि रे यांची दुसरी एक बाजू होती, तिचा परिचय आपल्याकडे क्वचितच करून देण्यात आला. हे गृहस्थ जन्माने डच. १८३९ साली हेग येथे जन्मलेले, लायडनच्या विद्यापीठात शिकलेले, आणि पुष्कळ उशिरा, १८७७ साली, ब्रिटिश प्रजाजन झालेले. जावा-सुमात्राकडे पाठवावयाच्या अंमलदारांना तिकडच्या भाषा व कायदे शिकवूनच पाठविले पाहिजे, ही गोष्ट हॉलंडात केव्हाच रूढ झाली होती. अशा मुलुखातून आलेल्या मनुष्याला, हिंदुस्थानसारखा खंडप्राय देश हाती असूनही इंग्लंडच्या राजधानीत त्या देशाची एखादी भाषा नीट शिकविणारी संस्था नसावी, याचे जितके आश्चर्य वाटले असेल तितके ते जन्मजात इंग्रजाला वाटणे कठीणच होते.

आणि स्थिती खरोखरच लाजिरवाणी होती. व्हिएन्नामध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने १७५४ सालीच दुभाष्यांसाठी विद्यालय काढले होते. पॅरिसमध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९५ साली, 'जिवंत पौर्वात्य भाषां'ची शाळा निघाली होती. सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात १८५५ पासून पौर्वात्य भाषांची स्वतंत्र शाखा चालू होती. बर्लिनमध्ये बिस्मार्कच्या अमदानीत, १८८७ साली, तसलीच संस्था उभी राहिली होती. इंग्रजांनी मात्र आपली सर्व हुशारी हिंदुस्थानातच खर्च केली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरेने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी शिकविली आणि १८०५ साली मराठीचे व्याकरण छापिले; मुंबईत मोल्सवर्थने शास्त्रीमंडळी हाताशी धरून १८३१ साली जो कोश सिद्ध केला, त्यावाचून आजही मराठी अभ्यासकाचे पान हलत नाही. परंतु विलायतेत? कंपनीचे हेलीबरी येथील कॉलेज १८५८ साली कंपनीबरोबरच निकालात निघाले, आणि त्यानंतर लंडनमधील दोन कॉलेजांत विखुरलेले, तुटपुंज्या वेतनावरील, बहुधा विद्यार्थीच नसलेले काही अध्यापक एवढीच काय ती सामग्री उरली. एखाद्या वर्षी एकही विद्यार्थी न फिरकल्यामुळे अध्यापकाने रिकाम्या बाकांकडे पाहत बसावे, असे प्रसंग तेथे विरळा नव्हते.

१९०७ साली ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्याने या प्रश्नाचा विचार करण्याकरिता एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षस्थान लॉर्ड रे यांना दिले. समितीचे चिटणीस फिलिप हार्टॉग हे होते. हेच हार्टॉग पुढे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, आणि इंग्रजी अमलाखाली हिंदुस्थानातील साक्षरता वाढली की घटली, या प्रश्नावरून १९३१ साली लंडनमध्ये त्यांनी गांधीजींशी जो वाद मांडला तो गांधीजींच्या मुक्कामानंतरही पत्रांतून चालू ठेवला. असा चिकाटीचा मनुष्य चिटणीस लाभल्यावर समितीचे दफ्तर चोख राहिले नसते तरच नवल. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात समितीने स्पष्ट शिफारस केली, की लंडन विद्यापीठाच्या अंतर्गत एक स्वतंत्र विद्यालय स्थापावे, त्याला स्वतःचे नाव, स्वतःची इमारत आणि स्वतःचे ग्रंथालय असावे, आणि तेथे पौर्वात्य भाषांबरोबर त्या त्या देशांचा इतिहास, धर्म व रीतिभाती यांचेही शिक्षण द्यावे. या अखेरच्या कलमाकडे वाचकांनी विशेष लक्ष पुरवावे अशी आमची विनंती आहे. भाषा शिकावयाची ती कशासाठी, हुकूम देण्यासाठी की समजून घेण्यासाठी, हा जो प्रश्न या विद्यालयाला पुढील शंभर वर्षे भेडसावीत राहिला, त्याचे बीज त्या एका कलमात पडलेले आहे.

शिफारस झाली म्हणून संस्था उभी राहते असे नाही, आणि ती उभी करण्यासाठी पुढील सात वर्षे जी खटपट झाली तिचा तपशील नीरस आहे. भारतमंत्री मोर्ले यांनी १९१० साली लॉर्ड क्रोमर यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमून योजनेचा मसुदा करविला, आणि लॉर्ड कर्झन यांनी देणग्या जमविण्याकामी आपले वजन खर्च केले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. कर्झनसाहेबांनी मात्र १९१४ साली मॅन्शन हाउसमधील सभेत एक गोष्ट अशी बोलून दाखविली की तिची आठवण पुढे त्यांच्या टीकाकारांनीच अधिक ठेविली: पौर्वात्य विद्येची ही संस्था म्हणजे साम्राज्यरूपी घरातील अत्यावश्यक सामानसुमानापैकी एक होय, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या उपमेबद्दल कर्झनांना दोष देणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ती त्यांच्या इतर पुष्कळ भाषणांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. ज्याला आपण टेबल म्हणून विकत घेतो आहोत ते पुढे आपल्याविरुद्ध साक्ष देईल, अशी शंका त्यांना आली नाही, इतकेच.

५ जून १९१६ रोजी राजसनद मिळाली. इमारत तयारच होती: फिन्सबरी सर्कस येथील 'लंडन इन्स्टिट्यूशन' ही १८१९ पासूनची भव्य वास्तू कायदा करून या कामासाठी वर्ग करण्यात आली होती. १८ जानेवारी १९१७ रोजी पहिले विद्यार्थी दाखल झाले, आणि २३ फेब्रुवारी रोजी पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते विधिपूर्वक उद्घाटन झाले. फ्रान्समध्ये खंदकांत माणसे मरत होती, लंडनवर झेपेलिनांची भीती होती, आणि अशा समयी एक राजा संस्कृत, अरबी व चिनी शिकविणाऱ्या शाळेचे दार उघडीत होता. त्याच वर्षी विद्यालयाची 'बुलेटिन' ही संशोधनपत्रिका निघू लागली. ती अद्याप चालू आहे, आणि विद्यालयाच्या साऱ्या अहवालांपेक्षा त्याचे खरे चरित्र त्या पत्रिकेच्या पानांतच अधिक सापडते.

पहिले संचालक सर एडवर्ड डेनिसन रॉस हे कलकत्ता मदरशाचे माजी प्राचार्य. फारसी-अरबी हा त्यांचा प्रांत. परंतु तुर्की, चिनी, तिबेटी अशा भाषांतही त्यांची मुशाफिरी चाले. वीस वर्षे त्यांनी विद्यालय चालविले, आणि ती सर्व वीस वर्षे द्रव्याभावाने ग्रासलेली होती. सरकारने संस्था काढली खरी, पण तिच्या पदरात टाकलेला तनखा इतका बेताचा होता, की शिकाऊ सनदी अधिकारी, लष्करी अंमलदार, मिशनरी आणि पूर्वेकडे जाणारे पेढ्यांतले कारकून यांच्या फीवर बराचसा संसार चाले. १९२४ ते १९२९ या काळात तेथे चिनी शिकविणाऱ्या एका तरुण अध्यापकाने पुढे आपल्या आठवणींत या वर्गांचे मोठे गमतीदार वर्णन केले आहे: सत्तरीच्या वृद्धापासून शाळकरी पोरापर्यंत जो कोणी फी भरील तो विद्यार्थी, आणि ज्याला जे हवे ते शिकविणे हे अध्यापकाचे कर्तव्य. हा अध्यापक म्हणजे चिनी कादंबरीकार लाओ शे. त्याने आपल्या आरंभीच्या कादंबऱ्या लंडनच्या वास्तव्यातच लिहिल्या, आणि लिंग्वाफोन कंपनीने चिनी शिकविण्यासाठी काढलेल्या तबकड्यांवर त्याचाच आवाज होता. जगातील एका थोर लेखकाकडून उच्चाराचे धडे घेत असल्याची जाणीव त्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना होती कोण जाणे! तीसच्या दशकात अमेरिकेतील निग्रो गायक व नट पॉल रोब्सन आपल्या पूर्वजांच्या खंडातील भाषा शिकण्यासाठी याच विद्यालयात आला. त्याला कोणत्याही सरकारने पाठविले नव्हते. साम्राज्याच्या सामानाचा असा उपयोग कोणी करील हे कर्झनांच्या गावी नव्हते.

१९३७ साली रॉस निवृत्त झाले आणि राल्फ लिली टर्नर संचालक झाले. येथून मराठी वाचकाला अधिक जवळचा असा भाग सुरू होतो. टर्नर हे बनारसच्या क्वीन्स कॉलेजात अध्यापक होते. पहिल्या महायुद्धात ते गुरख्यांच्या पलटणीत लढले. आणि १९१६ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला त्याचा विषय होता मराठीतील स्वराघात. वेदकालीन स्वराचे अवशेष मराठीच्या उच्चारात कोठे उरले आहेत काय, या प्रश्नाचा त्यात त्यांनी ऊहापोह केला. त्यानंतर नेपाळीचा कोश १९३१ साली सिद्ध झाला, आणि मग आयुष्याचे उरलेले सारे बळ त्यांनी हिंदी-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात ओतले. हा कोश १९६२ पासून भागाभागांनी निघाला. त्यात चौदा हजारांवर मूळ शब्द असून, प्रत्येकाच्या खाली पाली-प्राकृतापासून काश्मिरी, सिंधी, गुजराती, मराठी, बंगाली, सिंहली अशा भाषांतील त्याची संतती मांडलेली आहे. कोकणातला कुळवाडी ज्याला पाऊस म्हणतो तो प्रावृष् या शब्दाचा वंशज, आणि तो जे शेत नांगरतो ते क्षेत्राचे, हे पंडितांना ठाऊक होते. परंतु या कुटुंबाची भावकी उत्तरेस काश्मीरपर्यंत आणि दक्षिणेस सिंहलद्वीपापर्यंत कोठकोठे नांदते आहे, याची अशी खानेसुमारी त्यापूर्वी कोणी केली नव्हती. कोशाची प्रचंड सूची टर्नर यांच्या पत्नी डॉरोथी यांनी तयार केली. वीस वर्षे संचालकपद सांभाळून, इमारतीच्या नकाशांवर व अंदाजपत्रकांवर सह्या करून, उरलेल्या वेळात हा मनुष्य शब्दांच्या चिठ्ठ्या लावीत बसे. अशा संचालकाच्या विद्यालयात भाषाशास्त्राला बरकत यावी यात नवल ते काय? जे. आर. फर्थ, जे लाहोरला अध्यापक असताना पंजाबी कानांनी ऐकून आले होते, ते येथे १९४४ साली सामान्य भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. ब्रिटनमध्ये या विषयाचे पहिले प्राध्यापकपद तेच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुनरुज्जीवन झाल्यावर ज्यांनी तेथे भाषाशास्त्राची परंपरा घातली, ते सुमित्र मंगेश कत्रे टर्नर यांच्याच हाताखाली लंडनमध्ये तयार झालेले होते.

टर्नर यांच्या पदरी पडले ते मात्र महायुद्ध. फिन्सबरी सर्कसची जागा विकून ब्लूम्सबरी भागात चार्ल्स होल्डन यांनी आखलेली नवी इमारत उभी राहत होती, ती पुरी होण्याच्या आतच लढाई जाहीर झाली. विद्यालय केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात हलविले गेले, आणि १९४० साली पुन्हा लंडनला आले. जपानशी युद्ध होण्याचा संभव दिसत असता, जपानी जाणणारी माणसे आतापासून तयार करावयास हवीत, असा इशारा विद्यालयाने युद्धखात्याला वेळीच दिला होता. खात्याची उत्तरे थंड होती. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बाँब पडले, दोन महिन्यांत सिंगापूर पडले, आणि मग त्याच खात्यांनी जपानी येणाऱ्या माणसांसाठी धावाधाव आरंभिली. १९४२ च्या मे महिन्यात शाळा सोडणाऱ्या हुशार मुलांतून निवडलेले सुमारे तीस विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर डलिच कॉलेजात उतरले, आणि तेथून रोज लंडनला येऊन तुर्की, फारसी, चिनी व जपानी शिकू लागले. सतरा-अठरा वर्षांची ही पोरे सकाळी गाडीत बसून चिनी चित्राक्षरे गिरवीत. पुढे त्यांपैकी काही ब्रह्मदेशच्या आघाडीवर पकडलेल्या कागदपत्रांचा उलगडा करीत होती. लष्कराच्या निकडीपायी विद्यालयात त्या काळी जपानी भाषेचे वर्गांवर वर्ग निघाले, आणि त्यांत फ्रँक डॅनियल्स व त्यांच्या जपानी पत्नी ओतोमे यांनी केलेले श्रम असाधारण होते. शत्रूची भाषा शत्रुदेशीय स्त्रीच्या तोंडून शिकण्याचा प्रसंग त्या मुलांवर आला, आणि त्यांतील कित्येकांना तिच्याद्वारे शत्रूची माणुसकीच अगोदर भेटली असावी, असे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले असता वाटते. रोनाल्ड डोर हा त्या मुलांपैकीच एक, ज्याने पुढे जपानी शेती, शिक्षण आणि कारखाने यांवर जन्मभर लिहिले.

या प्रकरणी विद्यालयाच्या विरुद्ध जाणारी एक गोष्टही येथे नोंदविणे आम्हाला प्राप्त आहे. सांकेतिक संदेशांचा उलगडा करणाऱ्या ब्लेचली पार्क येथील जॉन टिल्टमन यांनी जपानी शिकविण्यास किती अवधी लागेल अशी पृच्छा केली, तेव्हा विद्यालयाचे उत्तर आले, की निदान दोन वर्षे. टिल्टमन यांनी ते मानले नाही. बेडफर्ड येथे त्यांनी ऑस्वाल्ड टक या निवृत्त नौदल अधिकाऱ्याला वर्ग काढावयास लावून सहा महिन्यांत कामापुरती माणसे तयार केली. विद्यालयाचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण सहा महिन्यांत तार वाचता येते, भाषा येत नाही. पण लढाईला तारच हवी होती.

युद्ध संपण्यापूर्वीच, १९४४ च्या डिसेंबरात, परराष्ट्रमंत्री ईडन यांनी पौर्वात्य, स्लाव्ह, पूर्व युरोपीय व आफ्रिकी विद्यांच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला, आणि त्याचे अध्यक्षपद दिले लॉर्ड स्कारबरो यांना. आता हे स्कारबरो कोण, तर १९३७ ते १९४३ या काळातले मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली! खेर मंत्रिमंडळाने ज्यांच्याकडे राजीनामा दिला, ज्यांच्या अमलात गवालिया टँकच्या मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला आणि रात्र सरण्याच्या आत पुढाऱ्यांची धरपकड झाली, तेच हे. अशा मनुष्याकडून वसाहतींच्या कारभाराला उपयुक्त अशा दुभाष्यांच्या कारखान्याची शिफारस कोणी अपेक्षिली असती, तर त्याला दोष देता आला नसता. परंतु १९४७ साली, म्हणजे हिंदुस्थान हातचा गेला त्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या या अहवालाने नेमकी उलट भूमिका घेतली. या विद्यांची जोपासना विद्यार्थ्यांच्या संख्येवर अवलंबून ठेवू नये. विद्यार्थी एक असो वा एकही नसो, त्या त्या भाषेचा पंडित विद्यापीठात असलाच पाहिजे, आणि त्याला त्या देशात जाऊन राहण्यासाठी रजा व खर्च मिळाला पाहिजे. हे सर्व करण्याकरिता सरकारने निराळी राखून ठेवलेली रक्कम द्यावी. रिकाम्या बाकांसमोर बसणाऱ्या त्या जुन्या अध्यापकाला मरणोत्तर मिळालेला हा न्याय होता. रे यांनी विद्यालयाला जन्म दिला असेल, पण त्याला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली ती या दुसऱ्या मुंबईकर गव्हर्नरामुळे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सत्तेत असताना जे उमगले नाही ते सत्ता सोडल्यावर उमगले, की खुर्चीवर असताना उमगूनही बोलता आले नाही, याचा निर्णय चरित्रकारांनी करावा.

त्या अनुदानाच्या बळावर पुढील काही वर्षांत जे अध्यापक जमले त्यांची नुसती नामावळी दिली तरी पानेच्या पाने भरतील. १९४८ साली रोलंड ऑलिव्हर यांची आफ्रिकेच्या इतिहासासाठी नेमणूक झाली, तेव्हा आफ्रिकेला इतिहास आहे काय, असे विचारणारे विद्वान इंग्लंडात पुष्कळ होते. बारा वर्षांत, जॉन फेज यांच्या सहकार्याने, त्याच विषयाला वाहिलेले नियतकालिक निघाले, आणि १९६६ साली गियानाचा वॉल्टर रॉडनी येथूनच डॉक्टर होऊन बाहेर पडला. प्राचीन हिंदुस्थानच्या इतिहासावर आर्थर बॅशम यांनी १९५४ साली लिहिलेला ग्रंथ आपल्याकडील महाविद्यालयांत आजही वाचला जातो. रामशरण शर्मा व रोमिला थापर यांनी त्यांच्याकडे येथेच संशोधन केले. केनेथ बॉलहॅचेट यांनी तर पेशवाई बुडाल्यानंतरच्या दशकात एल्फिन्स्टन आणि चॅप्लिन यांनी दख्खनचा कारभार कसा बसविला, याचा सरकारी दफ्तरांतून शोध घेऊन १९५७ साली ग्रंथ लिहिला.

१९५७ साली टर्नर यांच्या जागी इतिहासकार सिरिल फिलिप्स आले आणि १९७६ पर्यंत राहिले. त्यांच्या काळात वारा बदलला. १९६१ सालच्या हेटर समितीने अमेरिकेकडे पाहून असे मत दिले, की भाषेचा अभ्यास पुष्कळ झाला, आता त्या त्या भूभागाच्या अर्थकारणाचा, राज्यकारणाचा, भूगोलाचा अभ्यास व्हावयास हवा. रशियाने १९५७ साली आकाशात उपग्रह सोडल्यावर अमेरिकेने जे कायदे केले, त्यांतून तेथील विद्यापीठांत असे भूभागवार अभ्यास भरभराटीला आले होते. हेटर हे मॉस्कोत राजदूत राहिलेले मुत्सद्दी. त्यांना आजचा आशिया हवा होता, कालचा नव्हे. परिणामी विद्यालयात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र यांची खाती वाढली, आणि इतरत्र लीड्सला चीन, शेफील्डला जपान, हलला आग्नेय आशिया, डरॅमला मध्यपूर्व अशी वाटणी झाली. यात लाभ झाला यात संशय नाही. तथापि भाषा न शिकताच एखाद्या देशाबद्दल अधिकारवाणीने बोलता येते, हा समज जर त्या काळात बळावला असेल तर त्याचे खापर काही अंशी या समितीच्या माथी फुटावयास हवे. पुढे ऐंशीच्या दशकात सरकारी काटकसरीचा वरवंटा फिरल्यावर १९८६ साली पुन्हा एक चौकशी झाली, आणि व्यापारासाठी या भाषा किती आवश्यक आहेत ते सरकारला सांगण्याचे काम सर पीटर पार्कर यांच्याकडे आले. हे पार्कर म्हणजे डलिचच्या त्या पोरांपैकीच एक. साम्राज्य, युद्ध, मुत्सद्देगिरी, व्यापार: दर पिढीला दाराशी उभे राहून विद्यालय आपल्या उपयोगाचा नवा दाखला देत आले आहे.

फिलिप्स यांच्या कारकीर्दीचे चिरस्थायी चिन्ह म्हणजे डेनिस लॅस्डन यांनी बांधलेले आणि १९७३ साली उघडलेले ग्रंथालय. मध्यभागी मोकळी पोकळी, सभोवार मजल्यांवर मजले, आणि त्यांत दहा लाखांहून अधिक ग्रंथ. मराठी ग्रंथांचे कपाट त्या पसाऱ्यात लहानच.

आता मराठीबद्दल. येथे मराठीचे वर्ग मोठे कधीच नव्हते, आणि अध्यापकही बोटांवर मोजण्याइतके. युद्धाच्या ऐन भरात, १९४३ साली, एच. एम. लँबर्ट या विदुषींचे मराठी शिकण्याचे पाठ्यपुस्तक निघाले. दहा वर्षांनी त्यांनी देवनागरीची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले, आणि त्यात आपले 'क' आणि 'झ' परकी हाताने कसे वळवावे ते रेघ न् रेघ दाखविले. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी करून गेलेले आल्फ्रेड मास्टर यांनी निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरीच्या काळातील मराठीवर काम केले. त्यांचे जुन्या मराठीचे व्याकरण १९६४ साली ऑक्सफर्डहून छापले गेले. परंतु सर्वांत दीर्घ सेवा घडली ती इयान रेसाइड यांच्या हातून. नव्या मराठी लघुकथांचा त्यांनी केलेला अनुवाद १९६६ साली आला, श्री. ना. पेंडशांचा गारंबीचा बापू १९६८ साली इंग्रजीत उतरला, आणि पानिपतविषयक बखरीचे भाषांतर १९८४ साली. गारंबीच्या बापूचा शिवराळपणा विलायती वाचकाला कितपत पचला असेल याविषयी आम्ही साशंक आहो. परंतु हर्णै-दापोलीची बोली लंडनमध्ये बसून उलगडण्याचा खटाटोप कोणत्याही समितीने त्यांच्याकडून मागितला नव्हता, ना रे यांच्या, ना हेटर यांच्या.

रेसाइड यांचे मन मात्र सर्वांत अधिक रमले ते महानुभावांत. चक्रधरांच्या अनुयायांनी आपल्या पोथ्या परकी दृष्टीपासून जपण्यासाठी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या योजिल्या होत्या, आणि त्यामुळे शतकानुशतके मठांबाहेरच्या मराठी माणसालाही हे वाङ्मय वाचता येत नव्हते; विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडील संशोधकांनी त्या लिपीची किल्ली मिळविली तेव्हा कोठे हे भांडार उघडले. रेसाइड यांनी १९६० साली 'बुलेटिन'मध्ये महानुभाव ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली, १९७० साली सकळ लिपीवर निबंध लिहिला, पुढे या पंथावर आणखी एक, आणि १९८९ साली चौदाव्या शतकातील 'गद्यराज' या कृष्णचरित्रपर ग्रंथाचे भाषांतर हाती दिले. सकळ लिपीवरील त्या निबंधात कोणत्या चिन्हाचा कोणता अक्षर-अर्थ हे दाखविलेले आहे. ज्या पत्रिकेचा पहिला अंक १९१७ साली, खंदकांच्या काळात, निघाला होता, तिच्याच पानांवर मठातल्या महंतांनी आपल्या शिष्यांवाचून कोणालाही न सांगितलेली ती अक्षरे छापलेली आहेत, आणि ब्लूम्सबरीतील वाचनकक्षात जो कोणी ते पान उघडील त्याला ती वाचता येतात.